तिसरा घोडा

इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाच्या आयुष्याला बोस्टनच्या डॉ. एलियट जोस्लिन यांनी रथाची उपमा दिली होती. या रथाला तीन घोडे जुंपलेले. पहिला आहार, दुसरा इन्सुलिन, तिसरा व्यायाम. तिन्ही घोडे एका चालीनं पळवायचे, तर सारथी कसलेला हवा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला रथाची उपमा समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की महाभारतात रथी वेगळा आणि सारथी वेगळा होता. इथं रुग्णच रथात बसतो आणि लगामही त्यालाच धरावा लागतो.

पहिल्या दोन घोड्यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. तिसऱ्याची फारशी सांगितली जात नाही. मधुमेह झाला की ‘चाला, फिरा, व्यायाम करा’ हा सल्ला घरातले, शेजारचे, सगळेच देतात. प्रौढपणी होणाऱ्या, गोळ्यांवर भागणाऱ्या मधुमेहात तो बहुतेक वेळा बिनधोक असतो. पण ज्या मुलाच्या किंवा तरुणाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ज्याला ते रोज टोचून घ्यावं लागतं, त्याच्या बाबतीत हाच सल्ला अर्धवट ठरतो. व्यायाम करायचा हे खरं, पण त्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचं? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षं लागली. त्या शोधात डॉक्टरांइतकाच वाटा रुग्णांचाही आहे.

सुरुवात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय, गावोगाव भिक्षा मागत शंभर योजनं चालायला सांगितलं आहे. विहीर खणण्याचाही उपाय आहे. पण त्याच ग्रंथात कृश रुग्ण आणि स्थूल रुग्ण असा भेद केलेला आहे आणि कृश रुग्णाचं पोषण करावं, असंही बजावलेलं आहे. सगळ्या प्रमेहींना एका मापानं मोजू नये, ही जाण त्या काळीही होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉ. बूशार्दा आपल्या रुग्णांना घाम गाळायला सांगत. १८७०-७१ मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीचा उपचार रूढ केला. अन्न इतकं कमी द्यायचं, की साखर वाढूच नये. व्यायामानं साखर उतरते, हे त्यांनीही पाहिलं होतं. पण हाडांचा सापळा झालेली मुलं व्यायाम तरी किती करणार? इन्सुलिन नसताना तिसरा घोडा जुंपण्यात फारसा अर्थ नव्हता.

मग इन्सुलिन आलं. टोरोंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयत्नांतून तयार झालेला अर्क ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचला गेला. तो पुरेसा शुद्ध नव्हता. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा मुलाची साखर खाली आली. पण त्याआधीच प्रयोगशाळेतल्या सशांनी एक इशारा देऊन ठेवला होता. इन्सुलिन जास्त झालं, की सशांना झटके येत आणि ग्लुकोज दिलं, की ते पुन्हा उठून बसत. प्राण वाचवणारं हे औषध प्राणावरही बेतू शकतं, हे पहिल्या दिवसांपासून ठाऊक होतं.

इथं आपल्या गोष्टीत एक महत्त्वाचा माणूस येतो, डॉ. रॉबिन लॉरेन्स. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला हा तरुण डॉक्टर. १९२० मध्ये त्याला मधुमेह असल्याचं निदान झालं. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूची तारीखच. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरायला नको, म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला आणि तिथंच जमेल तशी डॉक्टरकी करू लागला. १९२३ च्या मे महिन्यात लंडनहून त्याच्या सहकाऱ्याचा निरोप आला, की इन्सुलिन हाती आलं आहे आणि गुण येतो आहे, ताबडतोब परत ये. आजारी लॉरेन्स स्वतः मोटार चालवत युरोप ओलांडून लंडनला पोहोचला आणि महिनाअखेरीस त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढं तो ४५ वर्षं जगला.

लॉरेन्स डॉक्टरही होता आणि रुग्णही. म्हणूनच इतरांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट त्याला दिसली. इन्सुलिनची मात्रा तीच, जेवण तेच, पण अंगमेहनत झाली, की साखर नेहमीपेक्षा कितीतरी खाली जाते. १९२६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यानं यावर लेख लिहिला. व्यायाम टोचलेल्या इन्सुलिनचा जोर वाढवतो, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे व्यायाम करणाऱ्यानं एक तर मात्रा कमी करावी, नाही तर जास्त खावं. आज तिसऱ्या घोड्याबद्दल जे काही शिकवलं जातं, त्याचा पाया या लेखात आहे. याच लॉरेन्सनं १९३४ मध्ये प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्या साथीनं ब्रिटनमधली मधुमेही मंडळींची संघटना उभी केली. वेल्स यांनाही मधुमेह होता.

पण चित्र इतकं सरळ नव्हतं. १९३६ मध्ये जोस्लिन यांचे सहकारी डॉ. मार्बल आणि स्मिथ यांनी दाखवून दिलं, की शरीरात इन्सुलिन पुरेसं नसताना व्यायाम केला, तर साखर उतरण्याऐवजी चढते. एकाच व्यायामाचे दोन उलटे परिणाम! हे कसं, याचा उलगडा पुढं हळूहळू होत गेला. तो थोडक्यात समजून घेऊ, कारण सगळं मर्म त्यातच आहे.

निरोगी माणूस पळायला लागला, की त्याचं स्वादुपिंड आपोआप इन्सुलिन कमी सोडतं. इन्सुलिन कमी झाल्याचं पाहून यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडू लागतं. इकडे स्नायू ती साखर ओढून घेतात. काम करणाऱ्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची किल्ली लागतेच असं नाही, त्याचं दार कामानंही उघडतं. जमा आणि खर्च बरोबरीनं चालतात आणि रक्तातली साखर जागेवर राहते.

टोचलेल्या इन्सुलिनला मात्र ही अक्कल नाही. कातडीखाली गेलेलं इन्सुलिन धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं असतं, ते परत बोलावता येत नाही. माणूस पळत असला, तरी ते रक्तात येतच राहतं. त्यामुळं यकृताच्या कोठाराला कुलूप बसतं आणि स्नायू मात्र दोन्ही दारांनी साखर ओढत राहतात. जमा बंद, खर्च दुप्पट. मग हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. वेळीच साखर पोटात गेली नाही, तर शुद्ध हरपते. उलट, इन्सुलिन अगदीच अपुरं असेल, तर यकृत बेलगाम साखर ओतत राहतं, चरबी जळून कीटोन नावाची आम्लं साचतात आणि व्यायामानं त्यात भरच पडते. १९७७ मध्ये जर्मनीत मायकेल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून हे पुन्हा सिद्ध केलं.

लॉरेन्सचा लेख असूनही बहुतेक डॉक्टरांनी त्या काळी सावधपणाचाच मार्ग धरला, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. रुग्णापाशी मोजायला काय होतं? बेनेडिक्टचं निळं द्रावण. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं आणि रंग पाहायचा. निळं राहिलं, तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं, तर थोडी, विटकरी झालं, तर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही. त्यामुळं द्रावण निळं दिसलं, तरी रक्तातली साखर १५० आहे की ५०, हे कळायला मार्ग नव्हता. शिवाय ती बातमीही काही तासांपूर्वीची. खेळाडूला हवी असते या घडीची. अशा स्थितीत ‘खेळू नकोस’ हेच उत्तर सोपं होतं.

अमेरिकेतल्या बिली टॅलबर्ट या मुलाला १० व्या वर्षी, म्हणजे १९२८ च्या सुमारास, हेच उत्तर मिळालं. मैदानी खेळ बंद. काही वर्षांनी त्याला टेनिस खेळायची परवानगी मिळाली. पुढं गार्डनर मलॉयच्या जोडीनं त्यानं १९४२, १९४५, १९४६ आणि १९४८ अशी चार वेळा अमेरिकेची पुरुष दुहेरीची राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली. त्याच्यापाशी ना मीटर होतं, ना आजची इन्सुलिनं. होती ती स्वतःच्या शरीराची ओळख आणि साखरेचं पाणी. दुहेरीत जोडीदारही रुग्णावर लक्ष ठेवतो, हा त्यातला आणखी एक धडा. टॅलबर्ट ८० वर्षांचा होऊन १९९९ मध्ये वारला.

सत्तरच्या दशकात चित्र पालटू लागलं. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं यंत्र १९७० च्या सुमारास आलं. ते होतं डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी. दशक संपता संपता ते रुग्णांच्या घरी पोहोचलं आणि खऱ्या अर्थानं लगाम सारथ्याच्या हातात आला. पळण्याआधी, पळताना, पळून झाल्यावर साखर किती, हे आता त्याला स्वतः पाहता येऊ लागलं. १९७८ मध्ये कोइव्हिस्टो आणि फेलिग यांनी दाखवलं, की मांडीत इन्सुलिन टोचून लगेच पायांचा व्यायाम केला, तर ते अधिक वेगानं रक्तात उतरतं. पळण्याआधी मांडीऐवजी पोटावर टोचावं, ही आजची सूचना तिथून आली.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मॅकडॉनल्ड यांनी आणखी एक कोडं सोडवलं. त्यांनी सुमारे ३०० तरुण रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या ४८ जणांची साखर खेळताना नव्हे, तर खेळून झाल्यावर बहुधा ६ ते १५ तासांनी, म्हणजे बरेचदा रात्री झोपेत, धोकादायकरीत्या उतरली. कारण असं, की दमलेले स्नायू आपलं रिकामं झालेलं कोठार रात्रभर भरत असतात. संध्याकाळी मुलगा मैदानावरून हसतखेळत घरी आला, जेवला, झोपला, म्हणजे धोका टळला, असं नाही. रात्रीच्या इन्सुलिनचा हिशेब दिवसाच्या खेळाशी जोडायचा असतो, हे आईवडिलांना सांगता येऊ लागलं, ते या अभ्यासामुळं.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे सिद्ध झालं. पण काटेकोर उपचारांत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही त्यातच दिसलं. म्हणजे साखर खाली आणायची, पण फार खाली जाऊ द्यायची नाही, आणि वर व्यायामही करायचा. तारेवरची कसरत ती हीच.

ही कसरत जमते, हे जगानं शतकाच्या वळणावर पाहिलं. क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही वासीम अक्रमची ओळख करून द्यायला नको. १९९७ मध्ये, ऐन कारकिर्दीत, त्याला इन्सुलिन घ्यावं लागणारा मधुमेह झाला. त्यानंतर त्यानं १९९९ च्या विश्वचषकात पाकिस्तानला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारा तो पहिला गोलंदाज ठरला. ब्रिटनचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही १९९७ मध्येच हे निदान झालं. तोवर त्याच्या नावावर चार ऑलिम्पिकमधली चार सुवर्णपदकं होती. आधी त्यानं साखर टाळून पाहिली, पण तेवढ्यावर सराव निभेना. मग विचारच उलटा केला गेला. खेळाडूचा आहार इन्सुलिनप्रमाणे कापायचा नाही, इन्सुलिन खेळाडूच्या आहाराला आणि श्रमाला जुळवायचं. दिवसातून अनेक वेळा मोजायचं, अनेक वेळा टोचायचं. २००० मध्ये सिडनीत त्यानं पाचवं सुवर्ण जिंकलं. त्याच सिडनीत अमेरिकेच्या गॅरी हॉलनं ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक विभागून मिळवलं. १९९९ मध्ये निदान झालं, तेव्हा ‘तुझं पोहणं संपलं’ असं त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. २००४ मध्ये अथेन्सला त्यानं तीच शर्यत पुन्हा जिंकली.

या खेळाडूंनी पदकं मिळवली, पण संशोधकांपुढं एक मागणीही ठेवली : आम्हाला ‘जपून’ नको, आकडे द्या. आकडे आले. २००१ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी जेवणानंतरचा व्यायाम किती जोराचा आणि किती वेळाचा, यावरून जेवणाआधीचं जलद इन्सुलिन २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत कसं कमी करावं, हे मांडलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं दिसलं, की मध्यम व्यायामाच्या शेवटी फक्त १० सेकंद जीव तोडून सायकल मारली, तर साखरेची घसरण काही काळ थांबते, कारण अशा जोरकस श्रमानं अंगातलं ॲड्रेनलिन वाढतं आणि यकृताचं कोठार उघडतं. म्हणून संथ चाल साखर उतरवते आणि कबड्डीची चढाई किंवा शंभर मीटरची शर्यत ती तात्पुरती चढवूही शकते. २०१७ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सर्वसाधारण दिशा ठरवली. तासाभराच्या चालण्या-पळण्यासारख्या व्यायामाआधी साखर साधारण १२६ ते १८० असावी. ९० च्या खाली असेल, तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावं. २७० च्या वर असेल, तर कारण शोधावं, कीटोन तपासावेत आणि ते वाढलेले असतील, तर त्या दिवशी व्यायाम करू नये. मागच्या २४ तासांत साखर गंभीररीत्या उतरली असेल, तरी व्यायाम टाळावा.

हे आकडे म्हणजे वेदवाक्य नव्हे. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून आपली मात्रा आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बदलायची. पण काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत. खेळायला जाणार म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, कमी करणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवीच. साखर उतरल्यावर पेढा, बर्फी किंवा चॉकलेट कामाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायली, तर लवकर उतार पडतो. पण माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नये, त्याला तातडीनं दवाखान्यात न्यावं. आणि सोबतच्या एकाला तरी हे सगळं माहीत असावं.

आज दंडावर चिकटवलेला छोटा सेन्सर साखरेचा आकडा आणि तिची दिशाही मोबाइलवर दाखवतो. काही पंप तो आकडा पाहून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतात. ही साधनं महाग आहेत, सगळ्यांच्या आवाक्यात नाहीत. पण पळण्याआधी, पळून झाल्यावर आणि झोपण्याआधी साध्या मीटरवर मोजून वहीत लिहून ठेवलं, तरी महिन्याभरात आपल्या शरीराचा स्वभाव बराच कळतो. लॉरेन्सनंही सुरुवात अशीच, स्वतःकडे नीट पाहून केली होती.

साधनं आली, तरी संकोच जायला वेळ लागतो. जर्मन टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला लहानपणापासून हा मधुमेह आहे, पण त्यानं ते जाहीरपणे सांगितलं २०२२ मध्ये, ऑलिम्पिक सुवर्ण जिंकल्यानंतर. २०२३ च्या फ्रेंच स्पर्धेत सामना चालू असताना मैदानावर इन्सुलिन टोचण्यावरून त्याला आधी अडवलं गेलं, त्यानं आवाज उठवल्यावर परवानगी मिळाली. इतक्या मोठ्या खेळाडूची ही कथा, तर आपल्या शाळेतल्या पाचवीतल्या मुलाची काय असेल? डबा खाण्याआधी इंजेक्शन कुठं घ्यायचं, पी.टी.च्या तासाला घाम फुटला, तर कुणाला सांगायचं, हे त्याला ठाऊक नसतं आणि बरेचदा त्याच्या शिक्षकांनाही. मग सगळ्यांत सोपा उपाय होतो, तो त्याला झाडाखाली बसवून ठेवण्याचा. १९२८ मध्ये टॅलबर्टला जे उत्तर मिळालं, तेच त्याला आज मिळतं. तेव्हा डॉक्टरांपाशी निळ्या द्रावणाखेरीज काही नव्हतं, आज ती सबब उरलेली नाही.

त्या मुलाला झाडाखालून उठवायला फार काही लागत नाही. एक मीटर, खिशात ग्लुकोजची पुडी, आणि त्याचा हात थरथरला तर काय करायचं, हे ठाऊक असलेला एक शिक्षक आणि एक मित्र. तेवढं जमवलं, की त्याला खुशाल मैदानात उतरू द्यावं.